लॅपटॉपच्या माइकमधली खरखर : प्रकल्प नोंदी, इंदूर

१२ एप्रिल

कामाचं स्वरूप असं. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर आणि सुदामा नगर इथले वाचक घरी बसून जुनी मराठी पुस्तकं वाचतात आणि अंध श्रोत्यांसाठी रेकॉर्ड करतात. साधन म्हणजे घरात आहे तो लॅपटॉप आणि त्याच्या आतला माइक. वेगळा माइक घेऊन देणं सोपं होतं, पण बहुतेक वाचक साठीच्या पुढचे आहेत. एक वायर आणि एक सेटिंग वाढलं की काहींचं वाचन तिथेच थांबतं. म्हणून आहे त्याच माइकमधून ऐकण्याजोगा आवाज काढायचा.

आलेल्या फायलींत चार प्रकारचा त्रास आहे : सतत घूं, पावसासारखी सळसळ, बारीक शीळ आणि मधूनच चटका. चारही प्रकार ज्यांत सापडतात असे चार लॅपटॉप तपासणीला घेतले. अ जुना आहे, त्यात अ‍ॅनलॉग माइक आणि विंडोज १०. ब नवा, कॅमेऱ्याशेजारी दोन डिजिटल माइक, विंडोज ११. क वर उबंटू, म्हणजे लिनक्स. ड मध्ये माइक पडद्याच्या कडेला नसून कीबोर्डाच्या वर, बिजागरीजवळ आहे.

लक्ष्य ऑडिओबुकांच्या प्रचलित निकषावरून घेतलं, म्हणजे एसीएक्स या ऑडिओबुक प्रकाशन-सेवेच्या : आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डीबी (डेसिबल; उणे आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक), शिखर उणे ३ च्या खाली, शांततेची पातळी उणे ६० च्या खाली. आवाज आणि शांतता यांत साधारण ४० डीबीचं अंतर हवं. त्यातलं ३५ मूळ रेकॉर्डिंगमधूनच मिळालं पाहिजे. सॉफ्टवेअरकडून ६ ते ८ डीबीपेक्षा जास्त मागितलं की माणसाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

१३ एप्रिल

तपासणीची पद्धत ठरली. खोलीत कुणी बोलायचं नाही, २० सेकंद शांतता रेकॉर्ड करायची, आणि दर वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी सगळं बंद, लॅपटॉप बॅटरीवर. मग चार्जर लावून. मग छताचा पंखा चालू करून. मग वायफाय चालू करून. शेवटी दहा मिनिटं व्हिडिओ चालवून लॅपटॉप तापल्यावर.

ऑडॅसिटीत, म्हणजे आवाज रेकॉर्ड आणि संपादित करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन साधनं पुरतात. पातळी मोजायला अ‍ॅनलाइझ मेनूतलं कॉन्ट्रास्ट, आणि खरखर कुठल्या कंप्रतेवर (सेकंदाला किती कंपनं, म्हणजे किती हर्ट्झ) आहे ते बघायला प्लॉट स्पेक्ट्रम. त्यात साइझ १६३८४ ठेवावा. ४८ किलोहर्ट्झच्या फायलीत त्याने दर ३ हर्ट्झला एक बिंदू मिळतो, म्हणून ५० आणि १०० हर्ट्झचे सुळके वेगळे दिसतात. कमी साइझवर तिथे नुसता उंचवटा दिसतो आणि निदान चुकतं.

एक नियम आजच लिहून ठेवावा : लॅपटॉपचा पंखा कमी-जास्त झाला की जो सूर सरकतो तो पंख्याचा, जो जागचा हलत नाही तो विजेचा. निम्मं निदान एवढ्यावर होतं.

१९ एप्रिल

लॅपटॉप अ. बॅटरीवर शांततेची पातळी उणे ५८, चार्जर लावला की उणे ४१. स्पेक्ट्रममध्ये ५०, १००, १५० आणि २५० हर्ट्झवर सुळके. म्हणजे घरच्या ५० हर्ट्झ विजेचीच ही घूं. बिजागरीच्या धातूला बोट लावलं की ती कमी होते, आणि ही खूण पक्की मानावी.

कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये रेडिओ-खरखर दाबण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून अर्थच्या (अर्थिंगच्या) तारेकडे जोडलेले असतात. अर्थ लागलेला असला की त्यांच्यातून येणारा किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. अर्थ तुटलेला असला की त्याला वाटच राहत नाही, आणि लॅपटॉपचा सगळा धातू जवळजवळ निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशाएवढा असतो, त्यामुळे हाताला फक्त मुंग्या येतात. अ‍ॅनलॉग माइकचा सिग्नल मात्र काही मिलिव्होल्टचा असतो आणि त्याची परतीची तार याच धातूशी जोडलेली असते. मग घूं आत शिरते. डिजिटल माइक चिपच्या आतच आवाजाचे आकडे करतो, म्हणून ब आणि क यांना हा त्रास जवळपास नाही.

अ चा चार्जर तीन पिनांचा आहे. तो ज्या एक्स्टेन्शन बोर्डात लावला होता त्याला तिसरं भोक होतं, आतून तार नव्हती. असे बोर्ड घरोघरी आहेत. तीन पिनांच्या प्लगवर दोन पिनांचं कन्व्हर्टर चढवलं तरी हेच होतं.

मल्टिमीटर एसीच्या ७५० व्होल्ट रेंजवर ठेवून भिंतीतल्या सॉकेटची तपासणी केली. फेज ते न्यूट्रल २३४, फेज ते अर्थ २३३, न्यूट्रल ते अर्थ १ व्होल्टच्या आसपास. म्हणजे भिंतीतला अर्थ ठीक, दोष बोर्डाचा. फेज ते अर्थ १०० किंवा ६० असा काहीतरी आकडा दाखवला असता तर अर्थ तुटलेला समजायचं. हे मोजमाप फक्त जाणत्याने करावं, वाचकांनी स्वतः करू नये.

जिथे भिंतीतच अर्थ नाही तिथे काही इलेक्ट्रिशियन सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. घूं जाते, मीटरही बरोबर दाखवतो. पण न्यूट्रल कुठे सुटला तर लॅपटॉपच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. हे कुणाच्याही घरी होऊ द्यायचं नाही. अर्थ नसेल तर वाचन बॅटरीवर करायचं, एवढंच.

२० एप्रिल

महाराणी रोडवरून तीन तारांचा, अर्थ असलेला बोर्ड आणला. घेण्याआधी दुकानातच कंटिन्यूइटी, म्हणजे तार आतून अखंड आहे का ते, बघितली, प्लगच्या जाड पिनपासून सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकापर्यंत. अ वर चार्जर लावून आता उणे ५६. १०० हर्ट्झचा सुळका जेमतेम उरला आहे.

चार्जर लावल्यावर एचडीएमआयने टीव्हीला जोडलेला लॅपटॉप पुन्हा घूं करतो, कारण टीव्हीच्या केबलमधून दुसरी वाट मिळते. रेकॉर्डिंग करताना चार्जरशिवाय दुसरी कुठलीही केबल नको.

२६ एप्रिल

मायक्रोफोन बूस्ट, म्हणजे माइकचा सिग्नल रेकॉर्ड होण्याआधी वाढवणं. विंडोजमध्ये हे सेटिंग जुन्या साउंड खिडकीत, रेकॉर्डिंग टॅबमध्ये, माइकच्या प्रॉपर्टीजमधल्या लेव्हल्समध्ये दडलेलं असतं. लिनक्सवर अल्सामिक्सर उघडून एफ ४ दाबलं की दिसतं. 'आवाज बारीक येतो' म्हणून बहुतेकांनी ते ३० डीबीवर नेऊन ठेवलेलं असतं, आणि सळसळीचं मोठं कारण हेच.

लॅपटॉप अ वर एकच परिच्छेद त्याच अंतरावरून चारही बूस्टवर वाचून घेतला आणि आवाज व शांततेतलं अंतर मोजलं. बूस्ट ० ला ३०, १० ला ३५, २० ला ३५, आणि ३० ला ३१. शून्यावर साउंडचिपची स्वतःची सळसळ वरचढ ठरते, कारण ती बूस्टच्या नंतर मिसळते. बूस्ट वाढवला की माइकची सळसळ आणि आवाज दोन्ही सारखेच वाढतात, फायदा थांबतो. तीसवर मोठे उच्चार कापले जातात, म्हणून अंतर उलट घटतं. अ साठी १० पक्कं केलं, आणि लेव्हल अशी की जोरात वाचलेलं वाक्य उणे १२ ते उणे ६ च्या मधे राहील. आवाज बारीक दिसला तरी चालतं, तो नंतर वाढवता येतो. कापला गेलेला आवाज परत येत नाही.

३ मे

अंतर. सेटिंगांपेक्षा याचाच उपयोग जास्त. वाचक पडद्यापासून हातभर लांब बसतात, साधारण ६० सेंटिमीटर. ते २५ वर आणलं की आवाज साडेसात डीबी वाढतो आणि खोलीतली खरखर तेवढीच राहते. एवढा फायदा दुसरं काहीच देत नाही, आणि त्याला पैसा लागत नाही.

जवळ गेल्यावर फ, प, भ यांचा फुंकर माइकवर आदळतो. उपाय : तोंड माइकच्या सरळ समोर न ठेवता एक वीत बाजूला ठेवायचं आणि आवाज माइकच्या कडेने जाऊ द्यायचा. पुस्तक टेबलावर आडवं ठेवलं तर मान खाली जाते आणि आवाज कीबोर्डावर पडतो. पुस्तक पडद्याशेजारी उभं टेकवावं.

जुन्या घरांत कोटा फरशी आणि उघड्या भिंती, त्यामुळे आवाज घुमतो. वाचकाच्या पाठीमागे दोरीवर दुहेरी गोधडी टांगली. माइक वाचकाकडे तोंड करून असतो, म्हणजे त्याला वाचकाच्या मागची भिंतच जास्त ऐकू येते. लॅपटॉपच्या मागे लावलेली गोधडी तितकी कामाची नाही. लॅपटॉपखाली दुमडलेला टॉवेल ठेवला तर टेबलाची कंपनं थांबतात, पण त्याने हवा आत जाण्याची जाळी झाकली की लॅपटॉप तापतो. टॉवेल फक्त चार पायांखाली, मधे मोकळा.

१० मे

लॅपटॉप ब ची शीळ. दुपारी खोली चाळिशीच्या घरात, आणि वाचन सुरू होऊन पाच मिनिटांत पंखा पूर्ण वेगात. स्पेक्ट्रममध्ये १९८० हर्ट्झला टोकदार सुळका. पंखा मिनिटाला ३६०० फेरे घेत होता, म्हणजे सेकंदाला ६०, आणि पाती ३३. ६० गुणिले ३३ बरोबर १९८०. हिशेब जुळला, शीळ पात्यांचीच. दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये ती १६५० वर सापडली, कारण पंखा तेव्हा ३००० वर होता.

म्हणूनच या शिळेवर नॉच फिल्टर लावून उपयोग नसतो. फिल्टर एकाच जागी खड्डा पाडतो आणि शीळ सरकत राहते. पंखाच हळू करायला हवा.

उपाय तीन, याच क्रमाने. एक, पॉवर ऑप्शन्समधल्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये प्रोसेसरचा मॅक्सिमम स्टेट १०० वरून ९९ टक्के. एका टक्क्याचा हा फरक बहुतेक मशिनींवर टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद करतो, आणि आवाज रेकॉर्ड करायला टर्बो लागतच नाही. ज्या नव्या मशिनींवर हा पर्याय दिसत नाही तिथे पॉवर मोड 'बेस्ट पॉवर एफिशिअन्सी'. दोन, ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप आणि क्लाउडची फाइल-जुळणी बंद. प्रोसेसर शांत असताना पंखा बहुतेक फिरतच नाही. तीन, सफाई. ब चं खालचं झाकण उघडल्यावर तांब्याच्या पट्ट्यांसमोर धुळीचा नमदाच बसलेला निघाला. ब्लोअर मारताना पंख्याची पाती काडीने अडवून धरावी. हवेने भरधाव फिरली तर बेअरिंग जातं आणि मग शीळ कायमची. सफाईनंतर त्याच खोलीत पंखा १५ मिनिटं २२०० च्या वर गेला नाही.

११ मे

ब वरच दुसरा त्रास : आवाज स्वच्छ, पण वाक्यांची शेपटं गायब. 'गेली' चं 'गे' ऐकू येतं, 'ली' बुडतं. 'खिडकी' ची 'किडकी' होते. कारण माइकच्या सेटिंगमधलं ऑडिओ एन्हान्समेंट्स आणि लॅपटॉप-कंपनीने टाकलेलं नॉइज सप्रेशन. ही सोय मीटिंगसाठी आहे. ख, छ, ठ, फ यांतला श्वास म्हणजे यंत्राच्या दृष्टीने खरखरच, आणि मराठी वाक्याचा शेवट क्रियापदावर येऊन आवाज खाली उतरतो, तो त्याला शांतता वाटतो. पुस्तक वाचायला ही सोय बंदच हवी. दोन जागी बघावं लागतं : विंडोजच्या माइक प्रॉपर्टीजमध्ये आणि कंपनीच्या स्वतःच्या ऑडिओ अ‍ॅपमध्ये. एकीकडे बंद केलं तरी दुसरीकडे चालूच राहतं.

तपासणीचं वाक्य ठरलं : 'छगनच्या छपरावर फांदी घासली आणि खिडकी खडखडली.' कुठलंही सेटिंग बदललं की हे वाचून ऐकायचं.

१७ मे

लॅपटॉप क. स्टीरिओत ऐकलं तर ठीक, मोनो केलं की आवाज पोकळ, जवळजवळ नाहीसा, आणि सळसळ तशीच. वाचकांनी पाठवलेल्या एमपी ३ मोनोच असतात, म्हणून हे सतत येत होतं.

काही लॅपटॉपांत माइकचा सिग्नल डाव्या चॅनलला सरळ आणि उजव्याला उलटा जातो. मोनो करताना दोन्हींची बेरीज होते आणि आवाज स्वतःलाच खोडतो. दोन्ही चॅनलांची स्वतःची सळसळ एकमेकींशी जुळत नाही, म्हणून ती खोडली जात नाही. ओळखायला सोपं : ऑडॅसिटीत झूम करून बघितलं की डाव्याचा डोंगर तिथे उजव्याची दरी.

चटकन करायचं असेल तर पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये माइकच्या कुलपाच्या चिन्हावर टिचकी मारून दोन्ही चॅनल सुटे करायचे आणि उजवा शून्यावर न्यायचा. जास्त चांगलं म्हणजे स्टीरिओच रेकॉर्ड करायचं, ट्रॅक फोडायचा, उजव्यावर इन्व्हर्ट लावायचा (लाट उलटी करायची) आणि मग मोनो मिसळायचा. आवाजाची बेरीज ६ डीबीने वाढते, न जुळणाऱ्या सळसळीची ३ ने. म्हणजे ज्याने काम बिघडवलं होतं त्याच जोडणीतून ३ डीबीपर्यंत फायदा. क साठी हीच पद्धत ठेवली.

१८ मे

क वर रेकॉर्ड दाबल्या दाबल्या 'टक्' आणि पहिला शब्द अर्धा. साउंडचिप वीज वाचवायला झोपते आणि उठताना ठोका देते. ड्रायव्हरचं पॉवर सेव्ह ० केलं, गेलं. जिथे ते जमणार नाही तिथे रेकॉर्ड दाबून तीन सेकंद थांबूनच वाचायला लागायचं.

मधूनच येणारे चटके : विंडोजच्या माइकचा दर ४४.१ आणि ऑडॅसिटीच्या प्रोजेक्टचा ४८ किलोहर्ट्झ होता. दोन्हीकडे ४८ केलं. तरी राहिले तर बफर (आवाज तात्पुरता साठवण्याची जागा) १०० वरून २०० मिलिसेकंद आणि वायफाय बंद.

साध्या टूजी फोनचा 'टर्र-टर्र' अ वर येतो, ब वर नाही. त्या फोनचं प्रक्षेपण सेकंदाला सुमारे २१७ वेळा चालू-बंद होतं आणि माइकची अ‍ॅनलॉग तार ते पकडते. फोन दुसऱ्या खोलीत.

२४ मे

कूलरचा इलाज नाही. पंपाची घूं काढता येईल, हवेचा झोत काढता येत नाही, कारण तो सगळ्या कंप्रतांवर पसरलेला असतो. वाचकांना सांगितलं : आधी अर्धा तास कूलर लावून खोली गार करून घ्या, मग बंद करून २० मिनिटं वाचा. छताचा पंखा लागणारच असेल तर जुन्या डिमर पद्धतीच्या रेग्युलेटरवर मधल्या वेगाला सर्वांत जास्त गुरगुर येते, पूर्ण वेगाला कमी. लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर १५०, २५०, ३५० हर्ट्झचे सुळके येतात, तेव्हा चार्जर काढून बॅटरीवर वाचावं.

सकाळी कचरागाडी गाणं लावून गल्लीत येते ती वेळ प्रत्येकाने आपापली बघून ठेवावी. कोकिळेचा आवाज राहू द्यायला हरकत नाही, तो काढायला गेलं की वाचकाचा आवाजच खराब होतो.

३१ मे

सुदामा नगरची एक फाइल : आवाज उशीतून आल्यासारखा आणि सळसळ भरमसाट. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला नाही. कॅमेऱ्यावर सरकतं झाकण चिकटवलेलं होतं आणि त्याची कड माइकच्या भोकावर आली होती. भोक मिलिमीटरभराचं असतं, सहज दिसत नाही. आवाज दबला की आपोआप लेव्हल वाढते, तिच्याबरोबर सळसळही. झाकण बदललं. भोकात टाचणी घालू नये आणि दाबाची हवा तर मुळीच मारू नये, आतला पडदा फाटतो. कोरडा मऊ ब्रश फिरवला की पुरे.

७ जून

सफाईचा क्रम ठरला.

आधी हाय-पास, म्हणजे खालच्या कंप्रता काढणारा फिल्टर, ८० हर्ट्झ, २४ डीबी प्रति ऑक्टेव्ह. टेबलाची, वाऱ्याची, रस्त्यावरच्या बसची गुरगुर इथेच जाते. पुरुषांच्या खर्जाला धक्का लागत नाही. पातळ आवाजाच्या वाचिकेसाठी १०० पर्यंत नेता येतं. मग घूं उरली असेल तरच नॉच, १०० आणि १५० वर, क्यू (खड्डा किती अरुंद ते) ३० च्या आसपास. क्यू कमी ठेवला तर खड्डा रुंद होतो आणि आवाजातला भरदारपणा जातो.

त्यानंतर नॉइज रिडक्शन. नमुना त्याच बैठकीच्या सुरुवातीच्या शांततेतून, श्वास किंवा पान उलटल्याचा आवाज नसलेले दोन-तीन सेकंद. पंखा मधेच चालू झाला असेल तर तिथपासून वेगळा नमुना घ्यावा लागतो. सेटिंगं तीन : किती डीबी कमी करायचं, सेन्सिटिव्हिटी आणि स्मूदिंग. आम्ही ८, ५, ३ वर स्थिरावलो. लावण्याआधी रेसिड्यू निवडून ऐकायचं, म्हणजे काय काढलं जातंय तेवढंच वाजतं. त्यात नुसती सळसळ ऐकू आली तर ठीक. शब्द ओळखू येत असतील तर आकडे कमी करा. १८ डीबीला छगनच्या वाक्यातला छ च आणि स च्या मधे कुठेतरी घुटमळतो आणि शब्दांमागे पाण्याखालच्यासारखे बुडबुडे येतात.

काँप्रेसर, म्हणजे मोठा आणि बारीक आवाज एका पातळीजवळ आणणारं साधन, नेहमी यानंतर. आधी लावला तर तो शांततेतली सळसळ उचलतो, प्रत्येक वाक्यामागे वेगळ्या उंचीवर, आणि मग एकच नमुना कुठेच लागू पडत नाही.

या क्रमाने अ ची फाइल : आवाज उणे २१, शांतता उणे ६४. ब आणि क उणे ६६ च्या आसपास.

१४ जून

लॅपटॉप ड. माइक कीबोर्डाच्या वर, पंख्याची हवा बाहेर पडते त्या फटीपासून चार बोटांवर. आवाज हवेतून येतोच, शिवाय प्लॅस्टिकच्या अंगातून कंपनंही येतात, आणि त्यांना गोधडी किंवा अंतर अडवत नाही. सफाई, ९९ टक्के, सगळं करून आवाज आणि शांततेतलं मूळ अंतर २७ डीबीवर अडलं. उरलेलं सॉफ्टवेअरने ओढलं तर छ-ख-फ मरतात. या मशिनीवर उन्हाळ्यात रेकॉर्डिंग करायचं नाही. ड कडे आता संपादन आणि फायली तपासण्याचं काम, आणि त्याच्या वाचिकेच्या बैठका लोकमान्य नगरात ब वर.

२२ जून

पाऊस लागला. खोली गार, पंखे थंड, बैठका लांबवता येतील. पत्र्याच्या शेडखालच्या दोन घरांत मात्र पाऊस चालू असताना वाचन थांबवायचं. थेंबांचा आवाज सतत बदलतो, त्याचा नमुना घेता येत नाही.

वाचकांना पाठवलेला मजकूर : 'बैठक सुरू करताना रेकॉर्ड दाबून २० सेकंद शांत बसा, मगच पुस्तकाचं नाव सांगा. फाइल वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये, ४८ किलोहर्ट्झवर पाठवा, एमपी ३ नको. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून जोडा. स्वतः काहीही साफ करू नका, चुकलेलं वाक्यही कापू नका. एकदा टाळी वाजवा आणि तेच वाक्य पुन्हा वाचा, टाळीचा सुळका आम्हाला पडद्यावर लगेच सापडतो.'